आपलं लेडी डॉक्टरवरचं भांडण

स्मरणिका काढणारी मंडळी परवा येऊन तुमची सगळी माहिती घेऊन गेली. जन्मगाव, शिक्षण, निजामाच्या काळातला तुरुंग, कुठल्या कुठल्या समित्यांवर होतात, सगळं मी सांगितलं. फोटोही दिला. दिल्लीत स्टुडिओत काढलेला तो, ज्यात तुम्ही कुणाचे तरी सासरे दिसता. ते काम झालं. आता जे लिहिते आहे ते तुम्हाला. त्यांनी छापलं तर छापोत. पण वाचणाऱ्यानं एवढं समजून असावं की हे दोघांचं बोलणं आहे आणि ते मधूनच त्याच्या कानावर पडतं आहे.

तुम्ही गेलात ते भर दुपारी, जेवून उठताना. हात धुवायला मोरीकडे निघालात, खांबाला धरलंत आणि खाली बसलात. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. भेटायला येणारे म्हणतात, भाग्यवान मरण. असेल. माझी तक्रार वेगळी आहे. जेवताना आपलं भांडण चालू होतं आणि पाळी तुमची होती. मी म्हणाले होते, "कमलला तुम्ही घालवलंत, आता तिच्या जागी माणूस आणून द्या." तुम्ही म्हणालात, "हात धुतो, मग सांगतो."

काय सांगणार होतात?

डॉक्टर कमल म्हणजे आपल्या मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात टिकलेली पहिली लेडी डॉक्टर. ती गेली तेव्हापासून ती जागा रिकामी आहे, आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया पुन्हा पूर्वीसारख्या बाळंतपणात अडून बैलगाडीत पडून येतात. आपलं भांडण एवढ्याचंच होतं. पण ते आपल्याला काही वर्षं पुरलं.

तुम्ही खासदार होतात तेव्हा दोन पिशव्या कायम भरून ठेवलेल्या असायच्या. एकीत दिल्लीचे बंद गळ्याचे कोट, दुसरीत इथली धोतरं. परतूरहून छोट्या गाडीनं मनमाड, तिथून मोठ्या गाडीनं दिल्ली. अधिवेशन संपलं की तोच रस्ता उलटा. येताना तुमच्या तोंडात 'राष्ट्रीय धोरण' वगैरे शब्द असायचे. मंठ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते गळून पडायचे आणि "काय रे, तूर कशी हाय?" सुरू व्हायचं. मला ती दोन्ही माणसं आवडायची. फक्त घरात दोघं एकदम यायची, त्याचा त्रास होता. मी चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून मला परराष्ट्र धोरण सांगताय आणि तोच आवाज न बदलता, "ठेच्यात लसूण कमी पडला."

खासदार म्हणजे काय हे लोकांना कधी नीट कळलं नाही, आणि तुम्हीही ते नीट कळू दिलं नाही. विहीर, एसटी, मास्तरची बदली, रेशनची साखर, सगळं तुमच्याकडे. तुम्ही शांतपणे सांगायचात, "बाबा, हा विषय केंद्राचा न्हाई. राज्याचा हाय." एवढं सांगून झालं की त्याच माणसाला जवळ बसवून त्याचं काम करून द्यायचात. एकदा एक जण बायको माहेरी जाऊन बसल्याचं गाऱ्हाणं घेऊन आला. तुम्ही म्हणालात, "हा तर कोणत्याच सरकारचा विषय न्हाई." तो म्हणाला, "म्हणून तर आबा, तुमच्याकडं आलो." त्याला जीपमध्ये घालून सेलूला गेलात आणि संध्याकाळी बायकोसकट घेऊन आलात. त्या आठवड्यात दिल्लीत कसल्या तरी महत्त्वाच्या बिलाच्या मतदानाला तुमची गैरहजेरी लागली. मी विचारलं तर म्हणालात, "ते बिल माझ्यावाचूनही पास होतं. हिचा नवरा माझ्यावाचून नापास होता."

तुम्ही तिकडे असलात की समोरच्या खोलीतली बैठक बंद ठेवावी असं मला वाटायचं. पण लोक यायचेच. येऊन तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर सतरंजीवर बसायचे. बाईमाणसाशी कामाचं बोलायची सवय नाही, आणि न बोलता उठावं तर एसटीचं भाडं वाया. मग कुणीतरी खुंटीवरची तुमची टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि तिच्याशी बोलायला लागला. "आबा, आमच्या गावचा हापसा बंद पडून राह्यलाय." मी दाराआडून विचारायची, "कोणतं गाव? कधीपासून?" तो पुन्हा टोपीकडे बघून सांगायचा, "आबा, पोळ्यापासून." असा कारभार बरेच दिवस चालला. तुम्हाला कळलं तेव्हा पोट धरून हसलात आणि मला म्हणालात, "तू बाहेर येऊन बस. टोपी काय करणार आहे?"

मी बाहेर येऊन बसले. काही म्हातारे उठून गेले. ज्यांना काम होतं ते बसले. तुम्ही ते इतक्या सहज म्हणाला होतात, की त्याची किंमत मला फार नंतर कळली. त्या वेळी मी एवढंच विचारलं होतं, "आणि स्वयंपाक कोण करील?"

त्या बैठकीत बसायला लागल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. समोरच्या दारानं पुरुष यायचे, ते हापशाचं आणि रस्त्याचं बोलायचे. मागच्या दारानं बाया यायच्या, त्या वेगळंच बोलायच्या. कुणाचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं, कुणाची सून बाळंतपणात गेली होती. हे समोरच्या दारानं कधीच आलं नाही.

मग गयाबाईचं झालं. दुष्काळी कामावर मजुरांना सुकडीचं खाणं वाटताना माझी तिची ओळख झाली होती. हसरी, जीभ फटकळ. तिला अडलेली घेऊन आले ते बैलगाडीतून. आपले दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ, पण पुरुष. तिची सासू दारात आडवी उभी राहिली. गयाबाईनंही लुगडं घट्ट धरून ठेवलं. डॉक्टर दाराबाहेर उभे राहून काय करायचं ते ओरडून सांगत होते आणि आत सुईण तिला समजेल तसं करत होती. मी तिथेच होते. गयाबाई गेली. मूलही गेलं.

तुम्ही दिल्लीहून आलात तेव्हा मी पान वाढलं आणि म्हणाले, "दुसरं काहीही आणू नका. मंठ्याला लेडी डॉक्टर आणा."

तुम्ही सवयीनं म्हणालात, "आरोग्य हा राज्याचा विषय आहे."

मी म्हणाले, "गयाबाईला तसं कळवायचं राहून गेलं."

तुम्ही भरल्या पानावरून उठलात. दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलात. दिल्लीच्या माणसानं मुंबईच्या कचेऱ्यांत खेटे घालणं कुणाला रुचत नाही, तुम्हाला तिथे ताटकळत ठेवलं गेलं, हे मला तुम्ही नाही, दुसऱ्यांनी सांगितलं. पण जागा मंजूर करून आणलीत. त्या जागेवर पहिली आली ती आठवडाभरात परत गेली. राहायला खोली नाही, म्हणाली. दुसरी आलीच नाही. आणि मग कमल आली.

एसटीतून उतरली तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक आणि गळ्यात काही नाही, कानात काही नाही. जालन्याची मुलगी. बाप जिनिंगच्या कारखान्यात कामाला. शिष्यवृत्तीवर औरंगाबादला डॉक्टर झालेली. मी तिला घेऊन खोली बघायला निघाले. एकाच्या घरी लग्न निघालं होतं, एकाचे पाहुणे यायचे होते, एकाचं छप्पर गळत होतं. आडनाव ऐकायच्या आधी कुणाचंच छप्पर गळत नव्हतं.

तिसऱ्या घरून बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "काकू, उगं उन्हात फिरू नका. मला हे नवं न्हाई. संध्याकाळची एसटी हाय ना जालन्याची?"

मी म्हणाले, "एसटी रोज आहे. आधी जेव."

घरी आणून जेवायला घातलं, आणि ती जेवत असताना समोरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळली, तुमची खुर्ची ओसरीत काढली आणि खाट लावली. तुमची बैठक म्हणजे गावातली सगळ्यात मोठी खोली, रस्त्यावर दार, बायांना सरळ येता येईल अशी. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही दिल्लीत होतात आणि देशातल्या घरांच्या टंचाईवर बोलत होतात. रेडिओवर ऐकलं मी.

दुसऱ्याच दिवशी किसनराव आले. मंठ्यात तुमच्या निवडणुकीचं सगळं बघणारे किसनराव, तुमच्याच भावकीतले. ओसरीतल्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

"वहिनी, ही बैठक आबांची न्हाई. मतदारांची हाय."

"मग मतदार ओसरीत बसतील. वारा चांगला येतो."

"लोक बोलून राह्यले. पाण्याचा माठ एकच हाय म्हणतात घरात."

"दोन ठेवायला जागा कुठंय?"

"आबांला तार करू का मंग?"

"करा की. खर्च तुमचा."

तार केली की नाही ठाऊक नाही. पण तुम्ही आलात ते सकाळच्या एसटीनं, आणि सवयीप्रमाणे सरळ बैठकीचं दार ढकललंत. पुढचं तुम्हीच मला इतक्यांदा सांगितलंत, की मी तिथे नव्हते हे मला आठवत नाही. आत ती वेणी घालत होती. तुम्ही म्हणालात, "आपण कोण?"

"मी डॉक्टर. आपण?"

"मी... खासदार."

"पेशंट असाल तर दवाखान्यात या. इथं मी फक्त बाया तपासते."

स्वयंपाकघरात येऊन पिशवी टेकलीत आणि पहिल्यांदा हसलात. मग हसू थांबलं. म्हणालात, "किसनराव परतूरला स्टेशनावरच भेटला. सगळं ऐकलं. भावकी नाराज आहे." मी चहा ओतत होते. तुम्ही बराच वेळ बशीत बघत राहिलात. मला माहीत होतं, तुमच्या डोक्यात मतं होती. तशी ती असणारच, त्याशिवाय दिल्लीला जाता येत नाही. शेवटी म्हणालात, "ओसरीत वारा येतो का?"

"येतो."

"मग झालं."

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत, आणि यासाठी मी तुम्हाला सगळं काही माफ करायला तयार आहे. त्या बाजारच्या दिवशी ओसरी माणसांनी भरली होती. तुम्ही कमलला हाक मारलीत, "डॉक्टर, जरा माझं ब्लडप्रेशर बघा. दिल्लीत फार वाढतं." ती यंत्र घेऊन आली. तुम्ही बाही वर सारून हात पुढे केलात. सगळे बघत होते. तिनं पट्टा गुंडाळला, नाडीवर बोटं ठेवली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आबा, मीठ कमी करा. आणि रागही." तुम्ही म्हणालात, "मीठ करतो." मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं बाही वर केली. मग आणखी एकानं. त्या दिवशी गावातली निम्मी पुरुषमंडळी एका मुलीला हात देऊन बसली होती. लेडी डॉक्टर बायांसाठी आणली आणि तिला पुरुषांनीच अडवून धरलं म्हणून मी आतून कुरकुरत होते.

किसनरावांनी हात पुढे केला नाही. आजपर्यंत केलेला नाही. मात्र त्यांच्या सुनेचं बाळंतपण कमलनंच केलं. सूनबाई मागच्या दारानं आल्या होत्या.

ती राहिली तेवढ्या काळात काय झालं हे मोजायला मी बसत नाही. गावागावच्या सुइणींना बोलावून नाळ कापायचं पातं उकळायला शिकवलं. नवऱ्यांना झापायची. "तिला रक्त न्हाई अंगात आणि तू मला विचारून राह्यला की मुलगा होईल का? जा, गूळ-शेंगदाणे घेऊन ये जल्दी." अडलेल्या बाईचा गाडीवान आता सरळ आपल्या दारापुढे बैल सोडायचा. समोरच्या खोलीत दिवसभर बाया आणि ओसरीत तुमचे हापसेवाले. दोन्ही दारं पहिल्यांदाच एका बाजूला आली.

संध्याकाळी तुम्ही घरी असलात तर तिला दिल्लीच्या गोष्टी सांगायचात. तिकडची मोठी इस्पितळं, तिकडच्या बायका सर्जन होतात ते. ती पायरीवर बसून हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकायची. मी तांदूळ निवडत बसलेली असायची. मला वाटायचं, ही मुलगी तुमच्या गप्पांना कंटाळत नाही, चांगली आहे.

आणि मग एका अधिवेशनाहून तुम्ही आलात ते पेढे घेऊन. "कमलला दिल्लीला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली. मी शिफारस केली होती." असं म्हणालात, जणू काही तुम्ही मला साडी आणली होती.

मी तवा खाली उतरवला. ते भांडण मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण पुढे आपण तेच पुन्हा पुन्हा केलं.

"मंठ्याला काय?"

"दुसरी येईल. जागा मंजूर आहे."

"जागा बाळंतपण करते का?"

"अगं, ती मोठी डॉक्टर होईल. देशाला असल्या मुलींची गरज आहे."

"मंठा कोणत्या देशात आहे?"

"एवढ्या हुशार मुलीला एका तालुक्यापुरती बांधून ठेवायची?"

"तालुक्यापुरता माणूस कुणीच नको का? सगळे देशापुरतेच?"

तुमच्यापाशी उत्तर नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुमचं म्हणणं होतं की इथल्या मातीतली एक मुलगी तिथे जाऊन बसली, तर पुढच्या पन्नास मुलींना वाट होते. माझं म्हणणं होतं की त्या पन्नास मुली आधी जन्माला आल्या पाहिजेत. दोन्ही खरं होतं, म्हणून ते संपत नव्हतं. कमल गेली तेव्हा मी तिला पोळ्या बांधून दिल्या आणि स्टँडवर पोचवलं. ती रडली. मी म्हणाले, "गाडी सुटेल." अबोला वगैरे मी धरला नाही. अबोला धरायला रिकामपण लागतं. पण तुम्ही ताटावर बसलात की मी एकदा तरी विचारायची, "आली का दुसरी?"

दुसरी आली नाही. राहायला खोली नाही, हे कारण सगळ्यांनी दिलं. आपली खोली होती, पण खासदाराच्या घरात कोण परकी बाई राहील? कमल वेगळी होती.

पुढच्या निवडणुकीत बाया तुमच्या सभेला आल्या, हे मंठ्यात नवीन होतं. त्यांनी देशाचं काही विचारलं नाही. एकच विचारलं, "आबा, डॉक्टरीनबाई कुठं गेल्या?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी आकाशाकडे बघितलं. तुम्ही हरलात ते काही त्यामुळे नाही, वारंच तसं होतं. पण हरल्यानंतरचे तुम्ही मला खासदार असतानाच्या तुमच्यापेक्षा जास्त आवडलात, हे मी कधी बोलले नाही. आता बोलते. दिल्लीची पिशवी रिकामी करून तुम्ही तिच्यात बाजार आणायला लागलात. पद नाही, जीप नाही. एसटीनं मुंबईला जायचं, आरोग्य खात्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसायचं, आत बोलावलं तर एकच मागणं, मंठ्याला लेडी डॉक्टर द्या. तिथला शिपाईसुद्धा ओळखेनासा झाला होता. मी म्हणाले, "आता तरी राहू द्या." तुम्ही म्हणालात, "आता कोणताच विषय माझा न्हाई. म्हणून कोणी मला हा तुमचा न्हाई असं सांगू शकत न्हाई."

त्या शेवटच्या जेवणाच्या दिवशी तुम्ही तिथूनच परत आला होतात. नकार घेऊन.

तुमची बातमी कळल्यावर कमल आली. दिल्लीहून निघून तिसऱ्या दिवशी सकाळी परतूरला उतरली. केस कापलेत, चष्मा लागलाय. माझ्याशेजारी चटईवर बसली. बाकीच्या बाया रडत होत्या, आम्ही दोघी नव्हतो. मी तिला तुमचं शेवटचं बोलणं सांगितलं, कारण दुसरं काय सांगणार? ती मग म्हणाली, "काकू, आबांनी मला घालवलं न्हाई."

मी म्हणाले, "शिफारस त्यांचीच होती."

"त्यांचीच. पण आधी त्यांनी मला विचारलं होतं, तुला काय पाहिजे? मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मला शिकायचंय, सर्जन व्हायचंय. पण काकूंना सांगायची हिंमत न्हाई, त्यांनी मला घरात घेतलं. तर आबा म्हणाले, तू काहीच सांगू नको. मी म्हणतो, मीच धाडलं. तिला भांडायचंय तर माझ्याशी भांडू दे. तुझ्याशी भांडली तर तुझं या घरी येणं बंद होईल, माझं कुठं होणार हाय?"

मला राग आला. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला, आणि तो चांगला तासभर टिकला. इतकी वर्षं रोज माझं ऐकून घेतलंत, एकदा तरी तोंडातून निसटायला हवं होतं. तुमच्यासारख्या बोलघेवड्या माणसानं, ज्याला दिल्लीत काय शिजतंय ते मंठ्याच्या चुलीपुढे सांगितल्याशिवाय घास उतरत नव्हता, एवढी एक गोष्ट पोटात ठेवली. दोघींपैकी एकीलाही दुसरीपासून तोडायचं नाही म्हणून. मग तासाभरानं राग उतरला, आणि त्याच्याखाली जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला एक सांगते. कमल आली हे गावोगाव कसं कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आपल्या दारापुढे बाया बसल्या. सुतकाचं घर आहे, तिकडे दुखवट्याला आलेली मंडळी ओळीनं बसलीत, आणि इकडे समोरच्या खोलीत कमल पदर खोचून एकेकीला तपासते आहे. किसनराव म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "पुढची बाई आत पाठवा." त्यांनी पाठवली. हे मात्र खरं.

ती जायला निघाली तेव्हा मी तिला विचारलं. एकदाच, सरळ. "राहतेस का?"

ती म्हणाली, "न्हाई काकू." मग म्हणाली, "माझ्या मागं शिकून राह्यलेल्या मुली हायत. इकडच्याच हायत, बीड-परभणीच्या. त्या येतील. पण त्यांना तुमच्यासारखी काकू मिळंल याचा काय भरवसा? त्यांना राहायला स्वतःची खोली पाहिजे. कुणाच्या मेहरबानीवर न्हाई. मलाही तुमच्या घरात सुख होतं, पण मी इथं कायम पाहुणीच होते."

एवढं स्पष्ट बोललेलं मला आवडलं. तिला भाकरी, ठेचा, शेंगांची चटणी बांधून दिली. या वेळी मीच म्हणाले, "पुढच्या सुट्टीत ये."

तर आता ऐका. तुमचं अर्धं बरोबर होतं. मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध गावासाठी ठेवून घेता येत नाही, हे मी मान्य करते. तुम्ही समोर असतात तर केलं नसतं. पण उरलेलं अर्धं माझं होतं आणि ते अजून तसंच आहे. परवाच तळणीकडची एक बाई वाटेतच गेली. तिचं नाव विचारून घेतलं मी. तुम्ही विचारलं असतंत.

तुमची मंडळी पुतळ्याचं बोलताहेत. चौकात, पूर्ण उंचीचा, हात वर केलेला. किसनराव वर्गणीची यादी करायला निघाले होते. मी म्हणाले, "आबा आयुष्यभर उन्हातच उभे होते, आता तरी नको." ते म्हणाले, "मंग स्मारक तर काही पाहिजे ना वहिनी?" मी म्हणाले, दवाखान्यामागची सरकारी जागा मोकळी पडली आहे. तिथे लेडी डॉक्टरसाठी क्वार्टर बांधायचं. दोन खोल्या, मोरी, नळ, आतून कडी लागणारं दार. किसनराव विचारात पडले. क्वार्टरला तुमचं नाव द्यायचं का म्हणाले. मी सांगितलं, नाव देऊ नका. ज्या मुलीचं ते घर असेल तिच्या नावाची पाटी लागेल.

उद्या मुंबईचे आरोग्य खात्याचे मंत्री सांत्वनाला यायचे आहेत. तुम्हाला बाकावर बसवणाऱ्यांतलेच. ओसरीत खुर्च्या मांडून झाल्यात, किसनरावांनी हार सांगितलेत. मंत्री दोन मिनिटं गप्प बसतील, तुमच्या फोटोकडे बघतील, आणि मग हात जोडून म्हणतील, वहिनी, काही लागलं तर सांगा. सगळेच म्हणतात, आणि कुणी सांगत नाही.

मी सांगणार आहे. चहा त्यानंतर.